रवळूच्या शेतातला चौकोन

सिद्राम कोलकारवर पहिला संशय घेतला तो त्याच्या गल्लीने, आणि तोसुद्धा संडासावरून.

रविवारची सकाळ होती. बेळगावातल्या शहापूर भागातली ती गल्ली आंघोळी, दाढ्या आणि नळावरची भांडणं यांत गुंतलेली. अशा वेळी सिद्राम लोखंडी टेप, चार खुंट्या आणि सुतळीचा गुंडा घेऊन दाराबाहेर आला. सुतळीचं एक टोक बायकोच्या हातात देऊन म्हणाला, "ताठ धर." बायको, म्हणजे मालुबाई, मराठी शाळेत शिक्षिका होती, ताठ धरणं तिला शिकवावं लागत नसे. पाच मीटर लांब आणि पाच मीटर रुंद असा चौकोन आखायचा होता. चौकोन खरा आहे की तिरका, हे कर्ण मोजून कळतं. तो सात मीटर सात सेंटिमीटर भरावा लागतो. तेवढी जागा गल्लीत नव्हती. म्हणून चौथी खुंटी समोरच्या मारुतीरावांच्या पायरीला टेकली.

मारुतीराव मराठा पलटणीतून निवृत्त झालेले हवालदार. लढाईत इटलीपर्यंत जाऊन आलेले. पायरीपाशी खुंटी आलेली पाहून ते तोंडावरचा साबण तसाच ठेवून बाहेर आले.

"काय रं सिद्राम, संडास बांधतोस काय हितं?"

"नाही, मारुतीराव. सराव करतोय."

"कसला सराव?"

"भात कापायचा."

मारुतीरावांनी फरशीकडे पाहिलं, सिद्रामकडे पाहिलं, आणि त्यांची खात्री झाली की संडासच.

दुपारपर्यंत सल्ले सुरू झाले. एकाने सांगितलं, आधी परवानगी काढ. दुसऱ्याने सांगितलं, परवानगीच्या नादी लागू नकोस, आधी बांध. तिसऱ्याने दार कुठल्या दिशेला असावं ते सांगितलं. शेवटी संध्याकाळी सिद्रामने ओट्यावर उभं राहून खरं काय ते सगळ्यांना सांगितलं, तेव्हा संशय संपून कौतुक सुरू झालं. ते कौतुक त्याला संशयापेक्षा महागात पडलं.

खरं ते असं होतं. सिद्राम सरकारच्या सांख्यिकी खात्यात निरीक्षक होता. जिल्ह्यात भात किती पिकलं हे सगळं भात तोलून सांगता येत नाही. म्हणून आकड्यांच्या एका तक्त्यावरून गाव काढायचं, त्या गावातलं एक शेत काढायचं, शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून तक्ता सांगेल तितकी पावलं लांबीला आणि रुंदीला चालायची, आणि जिथे पाय थांबेल तिथे चौकोन आखायचा. त्यातलं भात कापायचं, मळायचं, तोलायचं आणि शेतकऱ्याला परत द्यायचं. या सगळ्यात माणसाने आपलं डोकं चालवायचं नाही, हाच मुख्य नियम. तक्ता म्हणेल ते शेत, मग ते चांगलं असो की वाईट, मालक मित्र असो की वैरी.

हा नियम कागदावर सगळीकडेच होता. पण त्या वर्षी, म्हणजे एकोणऐंशी साली, जगाला आपल्या आकड्यांचा संशय आला. परदेशातल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ठरवलं की गरीब देशांचे पिकांचे आकडे विश्वासाचे नाहीत, ते सुधारले पाहिजेत, आणि त्यासाठी त्या त्या देशातली माणसं तयार केली पाहिजेत. माणसं तयार करायला बंगळूरला शिबिर झालं. लोखंडी टेप आले, तोलायचे ताणकाटे आले, एक जीपही आली. टेप आणि काटे निरीक्षकांना मिळाले. जीप मोठ्या साहेबांच्या मुलांना शाळेत सोडू लागली.

आता त्या संस्थेचा एक तज्ज्ञ बेळगावला येणार होता. डेन्मार्कचा. नाव होल्म. तो एक पीक कापणी प्रयोग स्वतः उभा राहून बघणार होता, आणि त्यानंतर विभागातल्या एका निरीक्षकाला पुढच्या शिक्षणासाठी सहा महिने रोमला पाठवायचं होतं. प्रयोग सिद्रामचा होता. त्यामुळे रोमही सिद्रामचंच, असं गल्लीने त्या संध्याकाळीच ठरवून टाकलं.

"रोम म्हंजे माझ्या पायाखालचं," मारुतीराव म्हणाले, आणि घरात जाऊन ट्रंकेतला ओव्हरकोट घेऊन आले. करड्या रंगाचा, गुडघ्याखाली येणारा, डांबरगोळ्यांचा वास मारणारा. "थंडी लई वंगाळ तिथली. घालून बघ."

कोट सिद्रामला दोन्ही खांद्यांवरून ओघळत होता. मालुबाईने तो खिडकीत वाळत घातला, आणि खिडकी रस्त्याकडे असल्यामुळे उरलेल्या शहापुरालाही बातमी कळली. तिने शाळेत हेडमास्तरांना सांगितलं. हेडमास्तरांनी प्रार्थनेनंतर मुलांना सांगितलं. आता सिद्राम रोमला न जाता गल्लीत राहणं शक्यच उरलं नाही.

कार्यालयात मात्र एकजण हसत होता. निपाणी भागाचा निरीक्षक देवाप्पा. देवाप्पाचे सगळे प्रयोग हायवेवरच्या एका चहाच्या हॉटेलात पार पडत. तंबाखू घेऊन आलेल्या शेतकऱ्याला तो चहा पाजायचा, "औंदा कसं?" म्हणून विचारायचा, आणि त्याच्या चेहऱ्यावरून एकरी उतारा लिहायचा. त्याचे कागद नेहमी वेळेवर, स्वच्छ आणि भरलेले असत.

"सिद्रामअण्णा," तो म्हणायचा, "शेतात जाऊन कुनाचं भलं झालंय काय? चिखल लागतोय, कुत्री लागत्यात, आनि आकडा शेवटी आकडाच."

सिद्रामला हे पटत नसे. त्याची आई निपाणीला विड्या वळायची आणि कारखान्याचा तपासनीस तिचे कट्टे उगाच नाकारायचा. तेव्हापासून न बघता लिहिलेल्या शेऱ्याचा त्याला राग होता. देवाशी त्याचं भांडण नव्हतं. घरच्यांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हापासून देवाशी संबंधच नव्हता. पण श्रद्धा ठेवायला माणसाला काहीतरी लागतं. सिद्रामची श्रद्धा तक्त्यावर होती.

तक्त्याने काढलेलं गाव होतं तोरणवाडी. जांबोटीच्या पुढे रस्ता सोडून ओढा ओलांडायचा आणि झाडीतून चालत सुटायचं, मग लागतं. शेत निघालं रवळूचं. नियमपुस्तिका सांगते की चौकोन कापणीच्या दिवशीच आखावा. पण परदेशी पाहुण्यासमोर घोटाळा नको म्हणून सिद्राम आठ दिवस आधीच गेला आणि खुंट्या मारून सुतळी बांधून आला. नियम सोडून त्याने केलेली ही एकच गोष्ट, आणि तीच अंगाशी आली.

सोबत जीपचा ड्रायव्हर शामू होता. शामू हे साहेबांचे कान. साहेबांना होल्मचा संशय होता. परदेशी माणूस, डोंगराळ मुलूख, गोव्याची हद्द जवळ. तो भात बघायला येतोय हे त्यांना पटत नव्हतं. म्हणून शामूने होल्मवर नजर ठेवायची होती, आणि होल्म येईपर्यंत हात रिकामे नकोत म्हणून सिद्रामवर.

रवळू बांधावर बसून खुंट्या ठोकलेल्या बघत होता. त्याची आई नागुबाई जरा मागे उभी. सत्तरीच्या पुढची, बारीक, डोक्यावर पदर, आणि नजर अशी की समोरच्याने आपले खिसे चाचपावेत.

"लेव्हीचं हाय काय हे?" रवळूने विचारलं. सरकारने भात लेव्हीत ओढून नेल्याला फार वर्षं झाली नव्हती.

"नाही. राज्याचा सरासरी उतारा काढायचा आहे. जगातल्या सगळ्या देशांत असाच काढतात."

"जगाला माझ्या शेताचं काय पडलंय?"

याचं उत्तर बंगळूरच्या शिबिरात दिलेलं नव्हतं. सिद्रामने तक्ता, पावलं, नैर्ऋत्य कोपरा असं सगळं सविस्तर समजावलं. रवळू मान हलवत राहिला. मान हलवणं आणि पटणं यांत किती अंतर असतं हे ज्याने खेड्यात नोकरी केली त्यालाच माहीत.

"मग त्या कोपऱ्यातलं का न्हाय धरलं? तिथं जरा मुरमाड हाय," रवळू म्हणाला.

"मला निवडता येत नाही."

"सायेब हाईस आनि निवडता येत न्हाय?" नागुबाई पहिल्यांदाच बोलली. "मग तुला निवडलं कुनी?"

तो निघून गेल्यावर गावात दोन पक्ष झाले. पहिला पक्ष म्हणाला, लेव्हीच आहे. या चौकोनावरून सगळ्या गावाचं भात ठरणार. दुसरा पक्ष जास्त विचार करणारा होता. त्यांनी असं मांडलं की आयोग येऊन गेला, निवेदनं देऊन झाली, तरी हद्दीचा निकाल लागत नाही, आणि आता गोरा साहेब येणार म्हणतात. खुंट्या आल्या, सुतळी आली. म्हणजे हद्द आखायचं काम सुरू झालं. खुंट्यांच्या आतलं महाराष्ट्रात, बाहेरचं कर्नाटकात. सुरुवात रवळूपासून.

यावर तिसरा प्रश्न आला, आणि तो दोन्ही पक्षांना पटला: रवळूच का?

आठ दिवसांनी होल्मसाहेबांना घेऊन सिद्राम ओढा चढून वर आला आणि जागीच थांबला. सगळ्या खोऱ्यात चौकोन होते. प्रत्येक शेतात चार खुंट्या आणि त्यांना बांधलेलं काहीतरी: कुठे सुतळी, कुठे काथ्या, कुठे फाटक्या लुगड्याचा काठ. एका गड्याने बैलाचं दावंच बांधलं होतं. रवळूला मिळणार ते आपल्याला का मिळू नये, एवढ्या एका विचाराने तोरणवाडी उभी आडवी आखली गेली होती.

होल्म हा उंच, उन्हाने लाल झालेला, शांत माणूस. त्याने टोपी काढली आणि बराच वेळ खोऱ्याकडे बघत राहिला.

"हे सगळे तुमचे प्रयोग?" त्याने इंग्रजीत विचारलं.

शामूने सिद्रामच्या कानाशी येऊन हळूच सुचवलं, "व्हय म्हना, सायेब. रोम पक्कं."

सिद्रामच्या डोळ्यांपुढे खिडकीतला ओव्हरकोट आला. पण तोंडातून गेलं ते "एकच" असं. बाकीचे कसे आले ते त्याला सांगता येईना, म्हणून त्याने "लोकांचा उत्साह" असं सांगितलं. होल्मने ते शब्द लगेच लिहून घेतले.

रवळूच्या शेतात खरा चौकोन जागेवर होता. सिद्रामने पुन्हा पावलं टाकली, कर्ण मोजला, सात मीटर सात सेंटिमीटर. पण चारही खुंट्यांना आंब्याच्या डहाळ्या बांधलेल्या होत्या आणि मधोमध नारळ ठेवला होता.

"हे काय?"

"ह्यो तुकडा देवाचा," नागुबाई म्हणाली. "रवळनाथाच्या नावानं सोडलाय म्या. तुम्ही गेल्या दिशीच."

त्या भागात ही जुनी रीत. शेतातला तुकडा देवाच्या नावाने सोडला की देव कौल देईपर्यंत त्यात विळा घालायचा नाही. नागुबाईने सरळ हिशेब केला होता. सरकारने खुंट्या मारल्या म्हणजे आतलं सरकार नेणार. सरकारशी भांडायला रवळू पुरा पडणार नाही. रवळनाथ पडेल.

"आक्का, हे भात कापून तोलून इथंच परत देणार आहे मी," सिद्राम कळवळून म्हणाला.

"नेनारा असंच म्हनतोय."

"मग आता?"

"देवाला इचार. देव व्हय म्हनला तर काप. मी कोन न्हाय म्हननारी?"

अशा रीतीने आंतरराष्ट्रीय सहकार्याची ती मिरवणूक देवळाकडे निघाली. पुढे गुरव, मागे नागुबाई, तिच्या मागे टेप आणि ताणकाटा घेतलेला सिद्राम, मग होल्म, होल्मवर नजर ठेवून शामू, आणि शामूवर नजर ठेवून अख्खं गाव.

देऊळ कौलारू, बुटकं, आत अंधार. गुरवाने विचारलं, "कौल मागनार कोन? ज्येचं काम त्येनं मागायचा." सगळे सिद्रामकडे बघू लागले. निपाणीकडच्या त्यांच्या मूळ गावात त्याचा बाप देवळाच्या पायरीच्याही अलीकडे उभा राहायचा, आणि इथे त्याला आत बोलावत होते, तेही सरकारी कामासाठी. हसावं की परत फिरावं हे त्याला ठरवता येईना.

"मी हात जोडणार नाही," त्याने हळू आवाजात सांगितलं. "नुसता उभा राहतो."

"उभं ऱ्हावा की," गुरव म्हणाला. "देवाला दिसतंय."

गुरवाने दोन पाकळ्या पाण्यात भिजवून देवाच्या अंगावर लावल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर होकार. डावी आधी पडली तर नकार. मग सगळे गप्प बसून पाकळ्यांकडे बघू लागले. होल्मचा मात्र संशय जागा झाला. कापणीबद्दल त्याने काही विचारलं नव्हतं. इथे तो प्रश्नावर प्रश्न विचारू लागला, आणि सिद्राम दुभाषा झाला.

"साहेब विचारतात, कुठली पाकळी पडायची हे कोण ठरवतं?"

"कोन न्हाय," गुरव म्हणाला.

"तुम्हाला हवी ती पाडता येते का?"

"हात लावला तर हात झडंल!"

"मनासारखं आलं नाही तर पुन्हा लावतात का?"

हे ऐकून देवळात कुजबुज झाली. नागुबाई पुढे आली. "सांग त्येला, पोरांचा खेळ न्हवं ह्यो. कौल एकदाच."

होल्मने हे ऐकलं, थोडा विचार केला आणि सिद्रामला विचारलं, "मग तक्ता यांना समजावताना तुम्हाला अडचण काय आली?"

सिद्राम वळला आणि गावाला म्हणाला, "ऐका. मी पण कौलच लावला होता. कुठलं गाव, कुठलं शेत, किती पावलं, सगळं कौलानं. मी निवडलं नाही, साहेबांनी नाही, कुणीच नाही. म्हणून रवळूचं आलं. आणि कौल एकदाच, म्हणून मला बदलता येत नाही."

देवळात माना हलल्या. ते हलणं आठ दिवसांपूर्वीच्या मान हलवण्यापेक्षा वेगळं होतं.

"आस्सं सांगायचं की मग," रवळू म्हणाला.

नागुबाईचं समाधान झालं नव्हतं. "तुझ्या कौलाचा देव कुठला?"

"देव नाही. तक्ता आहे."

"त्येला गुरव?"

"नाही."

"मग त्यात लबाडी करनारं कोनच न्हाय म्हन की."

सिद्रामच्या डोळ्यांपुढे निपाणीचं चहाचं हॉटेल आलं. "असतात काही काही," तो म्हणाला.

आणि त्याच वेळी पाकळी पडली. डावी.

गुरवाने फक्त मान हलवली. नागुबाईलाही वाईट वाटलेलं दिसलं. पण तिने काही बोलायचा प्रश्न नव्हता. देव नाही म्हणाला होता.

बाहेर आल्यावर शामूने सिद्रामला झाडाखाली गाठलं. "सायेब, येवढं काय त्यात? एवढं चौकोन पडल्यात. शेजारचा कापू या. भात तेच, विळा तोच. गोऱ्याला काय कळतंय?"

गोऱ्याला खरंच कळलं नसतं. शेजारचा चौकोन फाटक्या लुगड्याच्या काठाने आखलेला होता, पण भात छान होतं. विळा तयार होता. होल्म संध्याकाळी पुण्याला निघणार होता. शेजारचा कापला तर प्रयोग, अहवाल, रोम. नाही कापला तर गल्ली. सिद्रामने टेपची पट्टी बाहेर काढली, परत आत सोडली. पुन्हा काढली, पुन्हा सोडली. गाव त्याच्याकडे बघत होतं. तक्त्याचा माणूस आपल्या कौलाचं काय करतो, हे त्यांना बघायचं होतं.

तो होल्मकडे गेला आणि म्हणाला, "आज प्रयोग होणार नाही."

होल्मने त्याच्याकडे नीट पाहिलं. "मी पुष्कळ देश फिरलोय," तो म्हणाला. "झालेले प्रयोग सगळीकडे दाखवतात. न झालेला प्रयोग मला आजवर कुणी दाखवला नव्हता." आणि त्याने सिद्रामशी हात मिळवला. त्या हाताच्या जोरावर सिद्राम बेळगावपर्यंत आशेवर राहिला.

मोठ्या साहेबांनी ती आशा सकाळी अकरा वाजता संपवली.

"प्रयोग झाला नाही म्हणजे? शेत होतं?"

"होतं, सर."

"भात होतं? विळा होता? फॉरेनर होता?"

"होता."

"मग नव्हतं काय?"

"परवानगी."

"कुणाची?"

"रवळनाथाची, सर."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "एनप्पा, काय हे? बंगळूरला हे मी कसं कळवू?"

होल्मचा अहवाल पुढे महिन्याभराने आला. त्यात तोरणवाडीवर एक अख्खा परिच्छेद होता. लोकसहभागाचं असं उदाहरण आशिया खंडात दुर्मिळ आहे, शेतकऱ्यांनी आपणहून आपापल्या शेतात चौकोन आखले, असं त्यात म्हटलं होतं. या यशाबद्दल मोठ्या साहेबांचं अभिनंदन केलं होतं. सिद्रामचं नाव नव्हतं. तज्ज्ञ लोक नावं लिहीत नसतात. आणि रोमला कोण जाणार हे बंगळूरला ठरलं, प्रयोग पुरे करण्याच्या टक्केवारीवरून. देवाप्पाचे शंभर टक्के होते.

देवाप्पा निरोप घ्यायला गल्लीत आला तेव्हा मारुतीरावांनी खिडकीतला ओव्हरकोट काढला आणि त्याच्या अंगावर चढवला. त्याला तो अगदी बेतून शिवल्यासारखा बसला.

"माफ कर, सिद्राम," मारुतीराव म्हणाले. "पर कोट एकदा रोमला परत जायला पायजे. मानूस कुठला का असंना."

गल्लीचा संशय परत आला. काहीतरी खाल्लं असणार, त्याशिवाय हातातलं रोम जातं का? मालुबाईला शाळेत हेडमास्तरांनी तीनदा विचारलं, आणि तिसऱ्यांदा ती फळ्याकडे तोंड करून उभी राहिली. घरी येऊन मात्र ती एवढंच म्हणाली, "शेजारचा चौकोन कापायचा नव्हताच. पण कापला असतात तरी मी काही बोलले नसते, एवढं लक्षात ठेवा."

या सगळ्यावर तोरणवाडीचं पोतं आलं.

सिद्राम कार्यालयात असताना रवळू आला, ओट्यावर भाताचं छोटं पोतं ठेवलं, "सायेबास्नी सांगा, त्या चौकोनातलंच हाय, दुसरा दाना न्हाय. आमच्या कापनीचा कौल येगळा, त्यो देवानं मागनं उजवा दिला. आई म्हनली, त्येनं शेजारचं कापलं न्हाय, तर त्येचं त्येला दावून ये," असं म्हणाला आणि बस चुकेल म्हणून पळाला. सिद्राम घरी आला तेव्हा पोत्याभोवती गल्ली उभी होती.

"रवळू कोण?" मालुबाईने विचारलं. "काय काम केलंत त्याचं?"

"काहीच केलं नाही. म्हणून तर पाठवलंय."

हे वाक्य जितकं खरं होतं तितकंच ते ऐकायला वाईट होतं. मारुतीरावांनी मिशी कुरवाळली. सिद्रामने चौकटीला ताणकाटा अडकवला आणि सगळ्यांसमोर पोतं तोललं. आकडा मिळाला. हंगामातला तो एकमेव खरा आकडा, आणि मुदत संपल्यामुळे तो कुठेही लिहायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. शामूचे कान गल्लीपर्यंत पोचलेले होते. "शेतकऱ्याकडून धान्य घेतल्याचं कळतं. खुलासा करा." सिद्रामने खुलासा केला: नमुन्याचं धान्य तोलून शेतकऱ्याला परत देणं हा नियम आहे, आणि तो आजच पाळला जाईल. साहेबांना तेही संशयास्पद वाटलं. म्हणून धान्य खरंच परत गेलं का हे बघायला त्यांनी शामूला सोबत दिलं. जीप मुलांच्या शाळेत गुंतली होती, तेव्हा दोघं एस.टी.ने जांबोटीला उतरले. पुढे सिद्रामने पोतं डोक्यावर घेतलं. शामू मागून नजर ठेवत चालला.

नागुबाई अंगणात होती. पोतं बघून तिचे डोळे बारीक झाले.

"परत का आनलं? काय खोट हाय?"

"खोट नाही. नियम आहे. तोललं, आता तुमचं तुम्हाला."

"चांगलं चांगलं निवडून घेतलं असशील."

नागुबाईने आतून शेराचं माप आणलं, घोंगडं पसरलं, पोतं ओतलं आणि मोजायला बसली. या भागात पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. "लाभ," ती म्हणाली आणि पहिला शेर टाकला. "दोन. तीन." प्रत्येक शेर ती बोटाने सपाट करत होती, आणि प्रत्येक वेळी सिद्रामकडे बघत होती. सिद्राम उन्हात उभा. बंगळूरच्या शिबिरात, साहेबांच्या खोलीत, होल्मसमोर, कुठेच त्याला एवढी धाकधूक झाली नव्हती. पोतं एस.टी.च्या टपावरून आलं होतं. सांडलं असेल तर? उंदराने कुरतडलं असेल तर?

शेवटचा शेर भरला. वर अर्धी मूठ उरली. नागुबाई तिच्याकडे बघत राहिली.

"जाताना येवढंच भरलं होतं," ती म्हणाली. "ही अर्धी मूठबी होती."

सिद्राम तेव्हा कुठे सावलीत आला.

"औंदाचं झालं. पुढच्या साली येशील?"

"तुमचा कौल लागला तर."

"मनासारखं आलं न्हाय म्हनून परत तर लावत न्हाईस न्हवं?"

"एकदाच, आक्का."

नागुबाईने मान हलवली. मग तिने शेराचं माप पुन्हा भरलं आणि सिद्रामपुढे धरलं. "पिशवी काढ. हे तुझ्या चौकोनातलं न्हाय, माझ्या कनगीतलं हाय. घरात भात करून खा. बायकूला सांग, तोरनवाडीचं हाय."

"नको, आक्का. घेता येणार नाही. लोकांना संशय येतो."

"यीना का," नागुबाई म्हणाली. "आमाला आलताच की. गेला न्हवं?"

सिद्रामने वळून शामूकडे पाहिलं. शामूने खांद्यावरचा टॉवेल केव्हाच पसरून धरला होता.